हौशी प्रयोगकर्ते आणि रसायनांची पारख : ओळख व शुद्धता यांच्या तपासणीचा इतिहास

प्रस्तावना

रसायनशास्त्राचा इतिहास बहुधा शोधांच्या व शोधकर्त्यांच्या अंगाने लिहिला जातो. ज्या द्रव्यांवर प्रयोग झाले ती कोठून आली, बाटलीवर जे नाव होते तेच द्रव्य बाटलीत होते काय, आणि असल्यास त्याच्या सोबतीला आणखी काय होते, हे प्रश्न त्या इतिहासात तळटीपेच्या जागी राहतात. विद्यापीठीय प्रयोगशाळेपुरते हे एक वेळ चालून जाते, कारण तेथे पारख करणारे अनुभवी हात असतात. घराच्या माळ्यावर, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात किंवा छायाचित्रांच्या अंधाऱ्या खोलीत हौसेने रसायने हाताळणाऱ्या माणसाच्या बाबतीत मात्र हेच प्रश्न जिवाशी येऊन भिडतात. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून अशा हौशी प्रयोगकर्त्यांनी द्रव्यांची पारख कशी केली, ती त्यांच्या हातून कारखान्याच्या व कायद्याच्या हाती कशी गेली आणि त्या स्थित्यंतरात काय गमावले गेले, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

ओळख आणि शुद्धता या दोन संज्ञांत प्रथम भेद करणे आवश्यक आहे. हाती असलेले द्रव्य तेच आहे काय, हा ओळखीचा प्रश्न. त्यात दुसरे काय व किती आहे, हा शुद्धतेचा. सामान्य व्यवहारात या दोहोंची गल्लत होते. ‘शुद्ध’ या शब्दाला मराठीत पावित्र्याचा वास असल्यामुळे शुद्ध ते निर्धोक, अशीही समजूत होते. वस्तुतः अत्यंत शुद्ध परंतु भलतेच द्रव्य हे किंचित अशुद्ध पण योग्य द्रव्यापेक्षा पुष्कळदा अधिक घातक ठरलेले आहे. ‘कसोटी’ हा शब्द मुळात सराफाच्या काळ्या दगडाचा; सोने घासून त्याचा कस पाहण्याचा. ‘रसार्णव’ या मध्ययुगीन संस्कृत ग्रंथात धातू ज्वालेला कोणता रंग देतात याची नोंद असून तांब्याची ज्वाला निळी सांगितली आहे. पारखण्याची दृष्टी, म्हणजे, जुनी आहे. नवे होते ते एवढेच की धातुविद्येचा वा औषधविद्येचा व्यवसाय नसलेला माणूसही केवळ कुतूहलापोटी ही कामे करू लागला.

पेटीत मावणारी प्रयोगशाळा

येना येथील प्राध्यापक योहान गटलिंग यांनी १७९० च्या सुमारास परीक्षक द्रव्यांची एक सुवाह्य पेटी तयार केली व तिच्या वापराचे पुस्तकही प्रसिद्ध केले. लगेच त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. ही पेटी खेळण्याची नव्हती. खनिजे, जल, औषधे आणि खाद्यपदार्थ यांची परीक्षा कोणत्याही सुशिक्षित गृहस्थाला करता यावी, हा तिचा हेतू होता.

लंडनमध्ये हाच व्यवसाय फ्रेडरिक ॲकम यांनी वाढविला. १७६९ मध्ये जर्मनीत जन्मलेले ॲकम १७९३ मध्ये इंग्लंडात आले आणि सोहो भागातील ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीटवर त्यांनी प्रयोगशाळा व रसायनांचे दुकान थाटले. परीक्षक द्रव्यांवरील त्यांचे पुस्तक १८१६ चे, रासायनिक करमणुकीवरील १८१७ चे आणि खाद्यपदार्थांतील भेसळीवरील बहुचर्चित ग्रंथ १८२० चा. या तीन पुस्तकांचा क्रम सूचक आहे. ज्या गृहस्थाला रंग बदलणाऱ्या द्रवांची गंमत दाखवायची, त्यालाच ॲकम शिसे, तांबे व सोमल ओळखण्याच्या परीक्षा शिकवीत होते. हौस आणि पारख एकाच पेटीत राहत होत्या. ग्रंथालयातील पुस्तकांची पाने फाडल्याच्या आरोपामुळे ॲकम यांना १८२१ मध्ये इंग्लंड सोडावे लागले. भेसळ करणाऱ्यांची नावे छापणाऱ्या लेखकाला शत्रूंची वाण नसणार, हे उघड आहे. तथापि त्या आरोपाचा निवाडा येथे अप्रस्तुत होय.

याच काळात रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे बांधणीचे काम शिकणारा मायकेल फॅरडे हा मुलगा जेन मार्सेट यांचे रसायनशास्त्रावरील संवादरूप पुस्तक वाचीत होता. त्यातील विधाने आपल्या ऐपतीतील लहानसहान प्रयोगांनी पडताळून पाहिल्याचे त्याने पुढे नमूद केले. फॅरडे यांच्या चरित्रात ही गोष्ट प्रतिभेची चाहूल म्हणून सांगितली जाते. ती त्या काळच्या हौशी रसायनाची सर्वसाधारण रीतही होती. छापील शब्दावर जेवढा विश्वास, तेवढाच चिठ्ठीवर. म्हणजे पडताळून पाहीपर्यंतचा.

पांढरी पूड, काळी पूड

ओळखीची चूक काय करू शकते याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हणजे इंग्लंडातील ब्रॅडफर्ड येथील १८५८ ची घटना. साखर महाग असल्याने मिठाई करणारे तिच्यात ‘डॅफ’ नावाची स्वस्त पांढरी पूड मिसळीत. ती बहुधा जिप्समची किंवा चुनखडीची असे. ऑक्टोबर १८५८ मध्ये एका मिठाईवाल्याचा माणूस ही पूड आणण्यास औषधविक्रेत्याकडे गेला. विक्रेता आजारी होता. त्याच्या उमेदवाराने माळ्याच्या कोपऱ्यातील पिंपातून १२ पौंड पूड मोजून दिली. ती सोमलाची होती. बाजारात त्या गोळ्या विकल्या गेल्या आणि २०० हून अधिक माणसे आजारी पडली. मृतांची संख्या वीसच्या घरात गेली. खटला उभा राहिला, परंतु शिक्षा कोणालाच झाली नाही.

या घटनेचा विचार करताना १८५१ चा सोमलविषयक ब्रिटिश कायदा लक्षात घ्यावा लागतो. त्या कायद्याने विक्रेत्यावर दोन बंधने घातली होती. ग्राहकाचे नाव, पत्ता व प्रयोजन नोंदवहीत लिहायचे. आणि किरकोळ विक्रीच्या सोमलात दर पौंडास एक औंस काजळी किंवा अर्धा औंस नीळ मिसळायची. दुसरे बंधन विशेष विचारपूर्वक घातलेले दिसते. रासायनिक परीक्षा ज्याला येत नाही त्याच्या डोळ्यांनाही द्रव्याची ओळख पटावी, यासाठी कायद्याने शुद्धतेवर पाणी सोडले होते. मात्र नीळ मिसळायची ती विक्रीच्या वेळी. माळ्यावरच्या पिंपातील सोमल पांढरेच राहिले, आणि ते डॅफ म्हणून विकले गेल्यामुळे नोंदवही उघडण्याचे कारणही पडले नाही. कायद्याने ग्राहकाची व मालाची ओळख पक्की केली. दुकानदाराला आपला माल ओळखता येतो, हे मात्र गृहीत धरले. ब्रॅडफर्डनंतर भेसळीविरुद्धचा १८६० चा आणि औषधव्यवसायाचा १८६८ चा कायदा आला. खडबडीत कंगोऱ्यांच्या, अंधारातही स्पर्शाने कळतील अशा निळ्या किंवा हिरव्या विषाच्या बाटल्या याच सुमारास इंग्लंडात रूढ झाल्या.

ब्रॅडफर्डचे बळी मिठाई खाणारे होते. हौशी प्रयोगकर्त्यांची खरी परीक्षा एका काळ्या पुडीने पाहिली आणि तिचा इतिहास फारसा सांगितला जात नाही, म्हणून तो येथे थोड्या विस्ताराने पाहणे योग्य ठरेल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्रदीप, म्हणजे काचेवरील चित्रे पडद्यावर पाडणारा दिवा, हा यूरोपातील मध्यमवर्गाचा आवडता छंद होता. मराठी वाचकांना तो ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने परिचित आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी शतकाच्या शेवटच्या दशकात त्याचे खेळ महाराष्ट्रात केले. मोठ्या सभागृहात तेलाचा दिवा अपुरा पडे. तेथे चुन्याच्या कांडीवर ऑक्सिजन व हायड्रोजनची, किंवा शहरात असल्यास ऑक्सिजन व दिव्याच्या गॅसची, ज्योत सोडून प्रखर प्रकाश मिळवीत. ऑक्सिजन तयार मिळत नसे. हौशी दीपकार तो घरीच करीत. पोटॅशियम क्लोरेट व मँगनीज डायऑक्साइड यांचे मिश्रण लोखंडी पात्रात तापवून निघणारा वायू रबरी पिशवीत भरीत आणि ती पिशवी दोन फळ्यांमध्ये ठेवून वर वजन लादीत.

मँगनीज डायऑक्साइड ही काळी पूड. ती स्वतः जवळजवळ बदलत नाही, केवळ क्रिया सुलभ करते. परंतु दुकानातील काळ्या पुडी अनेक. कोळशाची पूड काळी, काजळी काळी, अँटिमनी सल्फाइड म्हणजे सुरम्याच्या जातीची पूडही काळीच. मँगनीजमध्ये कोळशाची भर पडली, किंवा दुकानदाराने चुकून सुरम्याची पूड बांधून दिली, तर तापविलेले पात्र ऑक्सिजन देण्याऐवजी फुटे. क्लोरेट ऑक्सिजन देणारे आणि कोळसा किंवा सल्फाइड तो अधाशीपणे घेणारे. दोघांची गाठ आगीवर पडली की पुढचे सांगावयास नको. असे अपघात घडले, माणसे दगावली, आणि त्या काळच्या पाठ्यपुस्तकांतून व दीपकारांच्या मार्गदर्शिकांतून एक सूचना रूढ झाली. मँगनीज नव्याने आणले की त्याची चिमूटभर पूड तेवढ्याच क्लोरेटसह परीक्षानळीत तापवून पाहावी. ठिणग्या उडाल्या किंवा मिश्रण भडकले तर सारा माल टाकून द्यावा.

या सूचनेचे महत्त्व तिच्या साधेपणात आहे. ती द्रव्याचे पूर्ण विश्लेषण मागत नाही. मँगनीज किती टक्के, लोह किती, वाळू किती, याच्याशी तिला कर्तव्य नाही. ज्या कामासाठी द्रव्य आणले त्या कामात ते जीव घेईल काय, एवढाच प्रश्न ती विचारते, आणि प्रत्यक्ष कामाची अत्यंत लहान प्रतिकृती करून त्याचे उत्तर मिळविते. दुसरे असे की ही सूचना दुकानदाराच्या नावाला भीक घालीत नाही. मागच्या खेपेचा माल चांगला निघाला म्हणून या खेपेची परीक्षा चुकत नाही. आजच्या उद्योगात ‘प्रत्येक खेपेची चाचणी’ म्हणून जे तत्त्व मानले जाते, ते घरगुती दीपकारांनी असे पाळलेले आहे.

१८८६ मध्ये लंडनात ब्रिन बंधूंच्या कंपनीने ऑक्सिजन कारखान्यात बनवून विकण्यास आरंभ केला. नळकांड्यातला वायू आला, घरची भट्टी थंडावली आणि परीक्षानळीतील चिमूटही गेली. गोंधळाची जागा तेवढी बदलली. पुडी दिसत तरी होत्या. पोलादी नळकांड्यातील वायू दिसत नाही. म्हणून नळकांड्यांना रंग आले आणि ज्वलनशील वायूंच्या झडपांना उलटे आटे पाडण्यात आले, जेणेकरून चुकीची जोडणी हातालाच अडावी.

शुद्धतेच्या अंगाने याच क्लोरेटचा आणखी एक धडा आहे. शोभेच्या दारूत क्लोरेट व गंधक एकत्र घालण्याची रीत होती. गंधकाची ऊर्ध्वपातनाने केलेली बारीक पूड, जिला गंधकपुष्प म्हणत, दिसायला अत्यंत स्वच्छ. पण तिच्यात सल्फ्युरिक आम्लाचा लेश राहतो आणि तेवढा लेश असे मिश्रण आपोआप पेटण्यास पुरेसा होऊ शकतो. ब्रिटनने १८९४ मध्ये शोभेच्या दारूतील हे मिश्रणच निषिद्ध केले. हजारात एखादा अंश एवढी अशुद्धी येथे निर्णायक ठरते, आणि दिसण्यावरून ती मुळीच कळत नाही.

परीक्षकाचीच परीक्षा

द्रव्य तपासण्यासाठी जे दुसरे द्रव्य वापरावयाचे त्याचे काय, हा प्रश्न विषशास्त्राने ऐरणीवर आणला. जेम्स मार्श यांनी १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सोमलाच्या परीक्षेत जस्त व सल्फ्युरिक आम्ल लागते. ही परीक्षा इतकी सूक्ष्म की जस्तात किंवा आम्लात स्वाभाविकपणे असलेले सोमलही ती दाखवी. म्हणून नमुना न घालता आधी उपकरण तसेच चालवून पाहण्याची पद्धत पडली. आज महाविद्यालयातील विद्यार्थी तिला ‘ब्लँक’ म्हणतात. १८४० च्या फ्रान्समधील लाफार्ज खटल्यात मात्यू ऑर्फिला यांनी सोमल सापडल्याचे सांगताना ते वापरलेल्या द्रव्यांतून आलेले नाही, हेही स्वतंत्रपणे सांगितले होते.

इतकी जाण असूनही १८५९ मध्ये इंग्लंडातील सर्वांत नामांकित विषशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्वेन टेलर फसले. डॉ. थॉमस स्मेथर्स्ट यांच्यावर विषप्रयोगाचा आरोप होता. त्यांच्याकडील एका बाटलीत टेलर यांना सोमल आढळले. परीक्षा तांब्याच्या जाळीवर केली होती. पुढे निष्पन्न झाले ते असे की बाटलीत पोटॅशियम क्लोरेट होते. त्याच्यामुळे तांबे विरघळले आणि तांब्यातीलच सोमल बाहेर पडले. टेलर यांनी ते मान्य केले. तरीही स्मेथर्स्ट यांना फाशीची शिक्षा सुनावली गेली आणि मोठ्या गदारोळानंतर ती माफ करावी लागली. जाळी टेलर यांनी पूर्वी अनेकदा वापरलेली होती व प्रत्येक वेळी ती निर्दोष ठरली होती. या द्रव्यापुढे मात्र ठरली नाही.

अशुद्धीचा इतिहास सर्वस्वी दुःखाचाच आहे असे नव्हे. १८५६ च्या ईस्टरच्या सुट्टीत पूर्व लंडनमधील आपल्या घरच्या प्रयोगशाळेत १८ वर्षांच्या विल्यम पर्किन यांनी क्विनीन बनविण्याच्या खटपटीत जांभळा रंग मिळविला. त्यांच्या ॲनिलिनमध्ये टोल्युइडीनची भेसळ होती. ती नसती तर तो रंग तयारच झाला नसता. निव्वळ शुद्ध ॲनिलिन मिळाले असते तर कृत्रिम रंगांच्या उद्योगाचा आरंभ निदान त्या माळ्यावर तरी झाला नसता.

नावांचा घोळ

चिठ्ठीवरचे नाव खरे असले तरी ते नाव कोणत्या द्रव्याचे, हा पेच वेगळाच. छायाचित्रकारांचा ‘हायपो’ हे त्याचे ठळक उदाहरण. जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये ज्या क्षाराचे गुणधर्म वर्णिले त्याला त्या वेळी सोडियमचा हायपोसल्फाइट म्हणत. आजचे त्याचे नाव थायोसल्फेट. हायपोसल्फाइट हे नाव पुढे दुसऱ्याच एका द्रव्याला लागले, पण अंधाऱ्या खोलीतले जुने नाव हटले नाही. याच हौशी छायाचित्रकारांच्या फळीवर, ओल्या कलोडियनच्या काळात, हायपोच्या शेजारी पोटॅशियम सायनाइड असे. चित्र स्थिर करण्यासाठी तेही चाले आणि बोटांवरचे रुप्याचे डागही त्यानेच काढीत. दोन्ही पांढरे, दोन्ही पाण्यात विरघळणारे. फरक एवढाच की एकाने चुकल्यास चित्र बिघडे.

पाऱ्याचे दोन क्लोराइड याहून अवघड. कॅलोमेल हे त्या काळचे नित्याचे रेचक. दुसरे, ज्याला दाहक सब्लिमेट म्हणत, ते जालीम विष. दोन्ही पांढरी. जुन्या लॅटिन नामावलीत दोन्हींच्या नावांत एखाद्या उपसर्गाचेच अंतर, आणि औषधकोशांच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत तो उपसर्गही बदलत गेला. परीक्षा मात्र कोणालाही जमणारी होती. चुन्याच्या निवळीत कॅलोमेल काळे पडते, सब्लिमेट पिवळा साका देते. मराठी बाजारातील रसकापुराची स्थिती हीच होती. त्या नावाखाली कधी कॅलोमेल मिळे, कधी त्याचे व सब्लिमेटचे मिश्रण.

देशी बाजारनामांचा हा प्रश्न मराठीतून रसायनशास्त्र शिकू-शिकवू पाहणाऱ्यांसमोर सतत होता. कोल्हापूरचे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीत शास्त्रीय ग्रंथरचना केली त्या काळी मोरचूद, हिराकस, नवसागर, टाकणखार, तुरटी ही द्रव्ये काष्ठौषधींच्या दुकानात सुलभ होती. ही नावे द्रव्यांच्या वापरावरून व रूपावरून पडलेली, घटकांवरून नव्हेत. ‘सोरा’ म्हणून पोटॅशियमचा नायट्रेट मागावा आणि सोडियमचा मिळावा, हे अशक्य नव्हते. आंद्रेआस मार्गग्राफ यांनी १७५८ मध्ये ज्वालेच्या रंगावरून हे दोन क्षारगट वेगळे दाखविले. एक जांभळट, दुसरा गर्द पिवळा. तथापि सोडियमचा कणभर अंशही पोटॅशियमची जांभळी छटा झाकून टाकतो, म्हणून निळ्या काचेतून पाहण्याची युक्ती पुढे आली. ओळखीच्या परीक्षेला अशुद्धीने असे चकविल्याची उदाहरणे विपुल आहेत.

चिठ्ठीवरचा भरवसा

१८८८ मध्ये मेर्क या जर्मन कंपनीतील कार्ल क्राउख यांनी परीक्षक द्रव्यांच्या शुद्धतेच्या तपासणीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. कोणत्या द्रव्यात कोणती अशुद्धी किती चालेल आणि ती कशी तपासावी, हे येथे प्रथमच पद्धतशीर लिहिले गेले. तोवर ‘रासायनिकदृष्ट्या शुद्ध’ असे शब्द चिठ्ठीवर छापण्यास कोणाची हरकत नव्हती आणि त्यांना निश्चित अर्थही नव्हता. अमेरिकन रसायन संस्थेने १९१७ मध्ये याच कामासाठी समिती नेमली. ब्रिटनमध्ये दोन कंपन्यांनी मिळून १९३४ मध्ये ‘ॲनलार’ प्रमाणांचे पुस्तक काढले. भारतीय महाविद्यालयांच्या कपाटांतील ‘एआर’ व ‘एलआर’ या अक्षरांमागे हीच परंपरा आहे.

औद्योगिक मालाला हे नियम लागू नव्हते, याची किंमत १९०० मध्ये मँचेस्टर परिसराने मोजली. बिअरसाठी लागणारी साखर बनविताना वापरलेल्या सल्फ्युरिक आम्लात सोमल होते; ते आम्ल ज्या खनिजापासून केले त्यातून आलेले. सुमारे ६,००० माणसे आजारी पडली व ७० च्या आसपास दगावली. आरंभी डॉक्टरांनी हा मद्याचाच परिणाम मानला. लॉर्ड केल्व्हिन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. आम्ल खरे होते, साखर खरी होती, चिठ्ठ्याही खऱ्या होत्या.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत पोर्टर बंधूंच्या ‘केमक्राफ्ट’ पेट्या आणि नंतर गिल्बर्ट कंपनीच्या पेट्या बाजारात आल्या. गटलिंग यांच्या पेटीशी त्यांचे बाह्य साम्य मोठे, पण भूमिका उलट. गटलिंगच्या पेटीतील द्रव्ये जगातील इतर द्रव्यांची परीक्षा घेण्यासाठी होती. नव्या पेटीतील द्रव्ये पुस्तिकेतील प्रयोग यशस्वी होण्यासाठी. मुलाला डबीवरील नावावर विश्वास ठेवावयाचा होता, आणि कंपनीने तो बहुतांशी सार्थ केला. १९५० मध्ये तर गिल्बर्टने युरेनियमची खनिजे असलेली पेटीही विकावयास काढली. पुढे अमेरिकेत घातक द्रव्यांविषयी १९६० चा, बालसंरक्षणाचा १९६६ चा आणि ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेचा १९७२ चा कायदा आला, तसतसा पेट्यांतून एकेक पदार्थ वगळला गेला. या कायद्यांनी असंख्य मुलांचे डोळे व बोटे वाचविली, यात शंका नाही. परंतु डबीतील द्रव्य खरे काय आहे हे स्वतः पाहण्याची जी सवय ॲकमच्या वाचकाला होती, ती या पेट्यांनी कधीच लावली नव्हती. आणि पेट्या रोडावल्यावर हौशी माणूस तिच्याविनाच हार्डवेअर, खते व साफसफाईच्या द्रव्यांच्या दुकानांकडे वळला. तेथे तांत्रिक दर्जाचा माल असतो. त्याची शुद्धता नळ साफ करण्यापुरती पाहिलेली असते, प्रयोगापुरती नव्हे.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आम्लाच्या किरकोळ विक्रीवर बंधने घातली. नोंदवहीत ग्राहकाचे नाव, पत्ता व प्रयोजन, सोबत छायाचित्र असलेले ओळखपत्र. शैक्षणिक संस्थांनाही वापराची नोंद ठेवणे आले. स्त्रियांवरील आम्लहल्ल्यांच्या पार्श्वभूमीवर ही बंधने अपरिहार्यच होती. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात १८५१ च्या कायद्याची पहिली अट जशीच्या तशी दिसते. दुसरी, म्हणजे द्रव्यालाच ओळखीची खूण देण्याची, मात्र दिसत नाही.

गोड, बिनरंगी, दाट

चिमटीभर मालाची परीक्षा हा घरगुती नियम जेथे सर्वाधिक आवश्यक, तेथेच तो सर्वाधिक वेळा मोडला गेला, हे ग्लिसरीनच्या इतिहासावरून दिसते. ग्लिसरीन आणि डायएथिलीन ग्लायकॉल हे दोन्ही द्रव बिनरंगी, दाट आणि गोडसर. दुसरा स्वस्त व मूत्रपिंडास घातक. अमेरिकेत १९३७ मध्ये सल्फानिलामाइडचे औषध या ग्लायकॉलमध्ये विरघळवून विकले गेले व शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ते परत घेण्यासाठी शासनाला कायद्याचा जो आधार मिळाला तो विषाचा नव्हता. ‘एलिक्सर’ म्हणजे मद्यार्कयुक्त औषध, आणि त्यात मद्यार्क नव्हता, एवढाच. नाव चुकीचे म्हणून औषध जप्त झाले. दुसऱ्याच वर्षी नवा कायदा संमत झाला.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मेंदूतील वा डोळ्यातील दाब कमी करण्यासाठी ग्लिसरीन दिलेल्या १४ रुग्णांचा मृत्यू झाला. ग्लिसरीन औद्योगिक दर्जाचे होते आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने पुरवठादारापासून रुग्णालय व औषध प्रशासनापर्यंत संपूर्ण साखळीवर ताशेरे ओढले. शुद्ध ग्लिसरीनची घनता १.२६, ग्लायकॉलची १.१२, निव्वळ ग्लायकॉल ग्लिसरीन म्हणून आले असते तर महाविद्यालयातील साध्या घनतामापकानेही ते उघडकीस आले असते. मिश्रण ओळखण्यास पातळ थराचे वर्णलेखन पुरते; तेही त्या वेळी नवे नव्हते. बाटली मात्र एका हातातून दुसऱ्या हातात चिठ्ठीच्या बळावर गेली.

पनामात २००६ मध्ये खोकल्याच्या औषधाने असाच घात केला. चीनमधून निघालेल्या पिंपांवर ‘टीडी ग्लिसरीन’ असे लिहिले होते. ‘टीडी’ ही अक्षरे ‘पर्यायी’ अशा अर्थाच्या चिनी शब्दाची असल्याचे पुढे उघड झाले. स्पेनमार्गे पनामाला पोहोचेपर्यंत कागदांवर ते निखळ ग्लिसरीन झाले होते, आणि वाटेतील कोणीही त्याची परीक्षा घेतली नव्हती. या व अशा घटनांनंतर अमेरिकी औषधकोशाने २००९ मध्ये ग्लिसरीनच्या प्रकरणात एक बदल केला. ग्लायकॉलची तपासणी आजवर अशुद्धींच्या सदरात होती. ती उचलून ओळखीच्या सदरात घातली गेली. ज्यात ग्लायकॉल मर्यादेपेक्षा अधिक आहे ते अशुद्ध ग्लिसरीन नव्हे. ते ग्लिसरीनच नव्हे, असा त्याचा अर्थ. ओळख व शुद्धता यांतील सीमारेषा येथे औषधकोशानेच पुसली.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातील बालके मूत्रपिंडे निकामी होऊन आजारी पडू लागली. त्यांपैकी अनेकांना उपचारासाठी नागपूरच्या रुग्णालयांत आणण्यात आले आणि कित्येकांचा तेथेच अंत झाला. बळींची संख्या वीसच्या पुढे गेली. त्यांना दिलेले खोकल्याचे औषध तमिळनाडूत तयार झालेले होते. तेथील शासकीय प्रयोगशाळेने त्या खेपेचा नमुना तपासला तेव्हा त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळले. नमुना हाती आल्यानंतर हे निदान होण्यास फार दिवस लागले नाहीत.